टिकलीखालची जागा

कालची टिकली नखानं उचलली आणि कस्तुराला खाली दुसऱ्याच कुणाचं तरी कपाळ दिसलं. तेवढ्यापुरतंच. टिकलीएवढं, टिकलीच्याच आकाराचं, रेखीव कडांचं पांढरं वर्तुळ. आधी तिला वाटलं डिंक राहिलाय. तिनं ओल्या टॉवेलनं पुसलं, मग साबण लावून पाहिला, मग स्टोव्हशेजारच्या बाटलीतून बोटावर रॉकेल घेऊन घासलं. भोवतीची कातडी लाल झाली आणि मधलं पांढरं आणखीच पांढरं दिसायला लागलं. संत तुकारामनगरातल्या त्या दोन खोल्यांत आरसा एकच, तोही स्वयंपाकघराच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांना टेकवलेला. त्यामुळे त्या घरात कुणालाच आपलं तोंड एकट्यानं बघता येत नसे. "कस्तुरे, आरसा खायलीस का काय?" भाकरी थापता थापता आई म्हणाली. "बस काय तुझ्या बापाची हाय, तुझ्यासाठी थांबायला?" कस्तुरानं पाकिटातली जरा मोठी टिकली काढून वर घट्ट दाबली. सगळं होतं तसं झालं. बाहेर जनरल शिफ्टची माणसं सायकली मारत कंपनीकडे चालली होती, औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास नेहमीसारखा खिडकीतून आत येत होता, आणि आपल्या कपाळात काय झालंय हे यातल्या कुणालाही ठाऊक नाही याचं तिला क्षणभर बरं वाटलं. भीती नंतर, बसमध्ये आली. आधी आला तो राग, आणि त्या रागाला चेहरा शोधत बसावं लागलं नाही. जहीर तांबोळीनं दिलं हे आपल्याला, असं तिनं दांडीला धरून उभ्या उभ्याच ठरवून टाकलं.

इंग्रजी हजेरीत तांबोळीनंतर तांदळे, म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून आता दुसऱ्यातही प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दोघांना एक टेबल आणि एकच मायक्रोस्कोप. जहीर देहूरोडचा. त्याच्या बापाचं, नूरमोहम्मदचं, मुंबई रस्त्याला पंक्चर आणि टायर रिमोल्डिंगचं दुकान, आणि कॉलेज सुटलं की पोरगा तिथंच. त्याच्या दोन्ही हातांची बोटं पेरापेरापर्यंत पांढरी पडलेली होती. मनगटाजवळ ते पांढरं तुटक तुटक झालेलं, मध्येच सावळं बेट, मध्येच पांढरी खाडी. वर्गात त्याला 'नकाशा' म्हणायचे. हे नाव कस्तुरानं ठेवलेलं होतं, पहिल्याच सहामाहीत, मुलींच्या खोलीत, आणि आठवड्याच्या आत ते मुलांच्या कट्ट्यावरून फिरून परत तिच्याच कानावर आलं तेव्हा तिला चार मार्क जास्त पडल्यासारखा आनंद झाला होता. जहीरनं भिंगातून पाहिलं की ती डोळ्याची बाजू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. लपूनछपून नाही, चांगली त्याच्यासमोर. तोही ते होईपर्यंत थांबायचा. स्लाइड लावायचा, नीट फोकस करायचा, आणि दोन पावलं मागं सरून हात पाठीमागं बांधून उभा राहायचा, म्हणजे तिला सावकाश बघता यावं. त्याच्या आकृत्या वर्गात सगळ्यांत चांगल्या येत. त्या ती उतरवून घ्यायची, वही मात्र कोपऱ्याला चिमटीत धरून. त्याचं हे मागं सरणं तिला कधी खटकलं नाही. ज्याला त्याला आपली पायरी कळावी, असं आई म्हणायची, आणि याला ती कळत होती इतकंच.

आणि गंमत म्हणजे दिवाळीनंतरच्या एका शनिवारी याच वर्गात केतकरबाईंनी माणसामाणसांतल्या फरकांवर तास घेतला तेव्हा सगळ्यांत सुंदर बोलली होती ती कस्तुराच. केतकरबाई प्राणिशास्त्राच्या, पुण्याहून लुनावर यायच्या, सडसडीत, मुलांना अहोजाहो करणाऱ्या. त्यांनी कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या, जिभेवर ठेवायच्या. निम्म्यांना त्या कडू जहर लागल्या आणि निम्म्यांना नुसताच कागद. कडू लागलेली तोंडं वाकडी करून थुंकायला पळाली, न लागलेली ती नाटकं करतात असं म्हणू लागली. मग जिभेची पन्हळ कुणाला करता येते, कानाची पाळी कुणाची चिकटलेली, अंगठा मागं कुणाचा वळतो. घटकाभर वर्ग जत्रेसारखा झाला. जो तो दुसऱ्याचे कान ओढून बघत होता. मग बाईंनी विचारलं, "यातला कुठला फरक लोक माफ करत नाहीत?" पोरं एकदम सावध झाली. एक म्हणाला, उंची. एक म्हणाली, रंग. मागून कुणीतरी म्हणालं, आडनाव, आणि बाई म्हणाल्या, आडनाव शरीरावर नसतं, तर तोच आवाज म्हणाला, "आमच्याकडं नाकावर बी दिसतं, बाई." हशा पिकला, पण सगळेच हसले नाहीत. मग कस्तुरा उठली. कातडीचा रंग म्हणजे उन्हाशी झालेला जुना करार, वैविध्य ही निसर्गाची श्रीमंती, बागेत एकाच रंगाची फुलं असती तर बागेला बाग कोण म्हणालं असतं, असं ती बोलली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर जहीरनं पाठीमागचा हात न काढताच विचारलं, "बाई, पण कुठला फरक म्हणायचा आन कुठला दोष म्हणायचा, हे ठरवतो कोण?" केतकरबाई म्हणाल्या, "बघणारा ठरवतो, तांबोळी." "बघायला येणारा," मुलींच्या बाकावरून कुणीतरी दुरुस्ती केली आणि तास हसण्यातच संपला.

बघायला येणारे आता खरंच येणार होते. कस्तुराचे वडील, उद्धवराव तांदळे, बीडकडून आलेले, कंपनीत हेल्परपासून चढत चढत चार्जमन झालेले. त्यांच्या हाताखाली भोसरीचा एक पोरगा टेंपररी होता. घरचं नाव भैरू, मस्टरवर भैरवनाथ. वाडवडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, पैसे घरात आले आणि तसेच बाहेर गेले, आता पोराला कंपनीत कायम करायचं एवढंच त्याच्या आईच्या डोक्यात. चार्जमनचा शब्द तिथं वजनदार. कायम होणारा जावई आणि कायम करणारा सासरा, दोन्हीकडून सोयीचं. कस्तुराला भैरू आवडला का, तर तो प्रश्न तिनं स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. तिला त्या दोन खोल्यांतून, त्या फळीवरच्या आरशापासून सुटायचं होतं. भोसरीला त्यांचं स्वतःचं दुमजली घर होतं, वर गच्ची होती, तिथं एकटीनं केस वाळवता आले असते. शिवाय तिच्या पाठीवर गोदा होती, बारावीतली. थोरलीचं अडलं की धाकटीचंही अडतं, हे त्या घरात बोलावं लागत नव्हतं.

आईला सांगता येणं शक्य नव्हतं. तिच्या, यशोदाबाईंच्या, माहेरी गावात एक बाई होती, हनुवटीवर कोड उठलेली. तिला नवऱ्यानं गोठ्याशेजारी खोप घालून दिली होती आणि वाढायला जर्मनची ताटली वेगळी. ही गोष्ट आई वर्षातून एकदा तरी सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात दया नसायची, शिस्त असायची. "पांढऱ्या डागाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये," असा शेवट. कस्तुरा लहानपणी ती गोष्ट ऐकताना भाकरी खात असायची आणि तिला कधी घास अडकल्याचं आठवत नव्हतं. आता ती बसमध्ये बायकांची कपाळं बघू लागली. पिंपरी कॅम्पातल्या सिंधिणींचे बारीक ठिपके, मेणावर पिंजर दाबलेल्या म्हाताऱ्या, नव्या सुनांच्या नव्या टिकल्या. प्रत्येकीच्या खाली काय असेल, हा विचार सुटेना. एखादीचं कपाळ कुंकू पुसल्यावरही स्वच्छ असणार, असं वाटलं की तिला त्या बाईचा उभा तिरस्कार यायचा. आणि खालचं वर्तुळ तर वाढत होतं. टिकली बदलायला गेलं की कडेनं पांढरी किनार दिसायची, म्हणून ती पुढच्या मापाची आणायची, आणि थोड्याच दिवसांत किनार त्याही बाहेर यायची. कॅम्पातला दुकानदार कौतुकानं म्हणाला, "ताई, बडी फॅशन चली है आजकल." ती त्यालाही हसून हो म्हणाली. रात्री गोदाशेजारी निजताना भिंतीकडे तोंड करायची. आपलं शरीर आपल्याशी न बोलता काहीतरी ठरवतंय, आणि ते ठरवणं आपल्या चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर लिहून ठेवतंय, याची तिला किळस यायची. किळस आली की नकाशाची बोटं आठवायची.

झुरळाच्या प्रॅक्टिकलला ती टिकली पडली. खोलीत उकडत होतं, घाम नाकावर ओघळला आणि टिकली सुटून सरळ मेणाच्या ट्रेमध्ये, टाचण्यांनी ताणून धरलेल्या झुरळाशेजारी. कस्तुरानं तळवा कपाळावर मारला. पण समोर उभ्या जहीरनं पाहिलं होतं. त्यानं डोळे खाली केले, चिमटा घेतला, ट्रेमधली टिकली उचलून कागदावर ठेवली आणि कागद तिच्याकडे सरकवला. हात न लावता. दुसऱ्या दिवशी तो सायकल स्टँडजवळ थांबलेला होता.

"तुमाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "टिकली लावू नका. त्याच्या डिंकानं होतंय ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझं रबराच्या सोल्युशननं झालं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवलं अब्बांनी. डॉक्टरनी विचारलं, हात कशात घालतोस. सोल्युशन सोडलं तवापासून वाढलं न्हाई. दुकानात बाकीच्या कुणाला झालं न्हाई, मलाच झालं. म्हणले, सगळ्यांना होत न्हाई. ज्याच्या कातडीला सोसत न्हाई त्यालाच होतं." त्यानं हात पाठीमागं घेतले. "तुमचं नवं हाय. बंद केलं तर भरून यील."

तो हे इतक्या हलक्या आवाजात, जणू दोघांचं काहीतरी सामाईक असल्यासारखं बोलला की कस्तुराच्या अंगाचा तिळपापड झाला. यानं आपल्याला त्याच्या रांगेत उभं केलं. "मला डिंकबिंक काही सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या हातानं लागलंय हे मला. दीड वर्ष एका टेबलावर बसते मी तुमच्याबरोबर."

जहीरनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आठवून बघितल्यासारखं. "मी तुमाला कधी शिवलो न्हाई," तो म्हणाला. "एकदा पण न्हाई." आणि ते खरंच होतं.

तरीही ती केतकरबाईंकडे गेली, कारण आतून तिला कळलं होतं. बाईंनी टिकली काढायला लावली, खिडकीशी नेऊन पाहिलं, आणि आपल्या लुनाच्या मागं बसवून तिला चिंचवडच्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं जहीर म्हणाला तेच सांगितलं, फक्त इंग्रजी शब्द घालून. चिकटवायच्या पदार्थात एक रसायन असतं, काहींच्या कातडीतला रंग ते मारतं, बहुतेकांना काही होत नाही. टिकली आजपासून बंद. लावत राहिलीस तर पसरेल, आणि मग फक्त कपाळावरच राहील असं मी सांगू शकत नाही. "आणि दुसऱ्याला असलं तर त्याचं लागतं का?" तिनं विचारलं. डॉक्टर हसला. "लागत असतं तर माझं तोंड केव्हाच पांढरं झालं असतं." परत येताना लुनाच्या मागं बसून कस्तुराला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. इतके दिवस जो राग तिनं जपून वाढवला होता तो एकाएकी बिनकामाचा झाला, आणि त्याच्या जागी बसायला कुणीच नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं. ती फक्त वेगळी होती. केतकरबाई मान वळवून म्हणाल्या, "घरी सांगा हं. लपवू नका." कस्तुरा हो म्हणाली.

घरी तिनं टिकल्यांचं पाकीट टाकून दिलं नाही, डब्यामागं सारलं, आणि आईसारखं मेण लावून वर कुंकू दाबायला लागली. आई खूष झाली. "आली ताळ्यावर," म्हणाली, "शिकल्यापासून कपाळ नुसतं नाटकी झालं होतं." पण बघायला येणार होते त्या रविवारी दुपारी, पाहुण्यांसाठी सकाळपासून दोन स्टोव्ह पेटलेले, पत्र्यावर फाल्गुनाचं ऊन, आणि मेण वितळून कुंकवाचा ओघळ तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा आला. पांढऱ्याची किनार चमकायला लागली. तेव्हा तिनं डब्यामागं हात घातला. एवढ्या दुपारपुरतीच, असं तिनं ठरवलं. हिशेब चुकीचा नव्हता. तांदळ्यांच्यात मुलगी बघायला आले की पोहे खातात, चहा पितात, 'कळवतो' म्हणून उठतात, आणि कळवायला पंधरवडा घेतात. पहिल्या बैठकीत मुलीच्या कपाळाला कुणी हात लावत नाही. भोसरीकरांच्यात कसं असतं, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

भैरूची आई सुमनताई, नऊवारीतली, दणकट, आल्या आल्या घर डोळ्यांनी झाडून घेणारी. बरोबर भैरूचा मामा सोपानराव, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला, आणि स्वतः भैरू, चार्जमनसाहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर टेकलेला. सोपानरावांनी कस्तुराला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, खिडकीपर्यंत चालून जाऊन बाहेर कोण दिसतंय ते सांगायला लावलं, म्हणजे चाल आणि नजर दोन्ही एका कामात झालं. "हात बघू," सुमनताई म्हणाल्या, आणि हात उलटसुलट करून, नखं दाबून पाहिली. कस्तुराला केतकरबाईंचा तो शनिवार आठवला, एकमेकांचे कान ओढून बघणारी पोरं, आणि तिला आतल्या आत हसू आलं. आपण यांच्यापेक्षा शहाण्या आहोत असं वाटलं. सुमनताईंनी भावाकडे पाहिलं. सोपानरावांनी मान हलवली. "पोरगी पसंत हाय आमाला," सुमनताई म्हणाल्या. "आमच्यात लांबण लावीत न्हाईत. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई." आणि त्यांनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, करंडा काढला. उद्धवराव आनंदानं उभे राहिले. कस्तुराला पाटावर बसवलं. आपल्याला पसंत केलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि त्याच क्षणी, आता कपाळाला कुंकू लावणार, हेही. ती म्हणाली, "वरूनच लावा." सुमनताई मायेनं हसल्या. "टिकलीवर कुंकू लावीत न्हाईत, बाय." आणि नखानं टिकली उचलली.

सुमनताईंच्या बोटावर कुंकू घेतलेलं होतं, ते बोट तसंच वर. "ह्ये काय?" त्या म्हणाल्या. ओरडून नाही. सोपानराव टोपी हातात घेऊन जवळ आले, वाकून बघितलं, आणि वळून उद्धवरावांना विचारलं, "घराण्यात कुनाला हाय?" आई दारातच बसली. "देवाशप्पत," ती म्हणत होती, "सात पिढ्यांत न्हाई, माझ्या माहेरी न्हाई, ह्यांच्याकडं न्हाई." उद्धवराव मुलीकडे बघत होते, कंपनीत वाया गेलेल्या कामाकडे बघतात तसे, चूक कुठल्या मशीनवर झाली ते शोधत. पडद्याआड गोदाचे पाय दिसत होते.

तेव्हा कस्तुरानं खरं सांगितलं. चांगलं, स्वच्छ, न अडखळता. टिकलीच्या डिंकानं झालंय, चिंचवडच्या डॉक्टरांना दाखवलंय, टिकली बंद केली की भरून येईल, रक्तातलं नाही, कुणाला लागत नाही. सुमनताईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमची थोरली सून टिकलीच लावती. शेजारीन लावती. समदं पिंपरी-चिंचवड लावतंय. मंग तुलाच कसं?" कस्तुरानं तोंड उघडलं. उत्तर तिला येत होतं. प्रत्येकाची कातडी वेगळी असते, माझी वेगळी आहे. वर्गात अशाच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. पण इथं ते जिभेवर आलं आणि तिला ऐकू आलं, या खोलीत त्याचा अर्थ काय होतो ते. ही माणसं तेवढंच तपासायला आली होती, पोरगी वेगळी तर नाही ना. खरं उत्तर म्हणजेच नकार होता. तिनं वडिलांकडे पाहिलं, पडद्याखालच्या पायांकडे पाहिलं, आणि मग ते तिला इतक्या सहज सुचलं की जणू इतके दिवस ते तिथंच तयार होऊन बसलं होतं.

"कॉलेजात एक मुलगा आहे," ती म्हणाली. "त्याचे दोन्ही हात असेच आहेत. हजेरीनं एकाच टेबलावर बसवतात आम्हाला. त्याचंच लागलं. म्हणून डॉक्टरकडे गेले होते."

"कोन?" सोपानरावांनी विचारलं.

"तांबोळी. देहूरोडच्या मुसलमानाचा मुलगा आहे."

खोलीनं श्वास सोडला. खरंच तसं झालं, तिला तो ऐकू आला. आई जमिनीवरून उठली. "मंग आसं सांग की," सुमनताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जवळजवळ प्रेमळ होता. सोपानरावांनी टोपी डोक्यावर घातली. "लागलेलं उतारतं," त्यांनी निकाल दिला. "खानदानी नसलं म्हंजे झालं. पोरीचा काय दोष? पन उद्धवराव, ही आसली पोरं पोरींच्या शेजारी बसिवत्यात म्हंजे काय म्हनावं? उद्याच्याला जाऊन साहेबाला विचारू आपन." उद्धवराव म्हणाले, विचारू. भैरूनं पहिल्यांदा मान वर केली आणि आपणही येऊ म्हणाला. कस्तुराला सुटल्यासारखं वाटलं, जसं डॉक्टरकडून येताना वाटायला हवं होतं तसं. लाज वाटली नाही. ती यायला वेळ लागला आणि आली तेव्हा फार थोडी होती. सुमनताईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि करंडा यशोदाबाईंच्या पुढं सरकवला. "आता तुमीच लावा," त्या म्हणाल्या.

सोमवारी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत माणसं मावेनात. सोपानरावांनी भोसरीचे आणखी चौघं आणले होते. प्रिन्सिपॉल पंखा मोठा करा म्हणत होते, गैरसमज नको म्हणत होते. केतकरबाईंना बोलावलं, कस्तुराला बोलावलं, आणि सगळ्यांत शेवटी जहीरला. तो दाराशी हात मागं बांधून उभा राहिला. केतकरबाईंचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हीच सांगा कस्तुरा," त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले ते. माझ्यासमोर म्हणाले. सांगा यांना." कस्तुरानं जमिनीकडे पाहिलं. फरशीवर कुणाच्या तरी चपलेचा चिखल होता. "मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. एवढं सोपं वाक्य माणसाला इतकं कसं म्हातारं करतं, असं कस्तुराला बाईंकडे बघून वाटलं. बाई पुन्हा बोलायला लागल्या, रसायन, कातडी, पुस्तकाचं नाव, तेव्हा जहीरच मध्ये बोलला. "जाऊ द्या बाई," तो म्हणाला. "त्यांचं लगीन ठरतंय." यात टोमणा असता तर तिला सोपं गेलं असतं. प्रिन्सिपॉलांनी त्याला वेगळं टेबल दिलं, हात धुवायच्या बेसिनजवळचं. तो थोडे दिवस तिथं बसला. मग यायचा बंद झाला. त्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, आणि कस्तुराला त्या टेबलावर आता मायक्रोस्कोप एकटीला होता. आकृत्या मात्र तिला स्वतः काढाव्या लागत, आणि त्या वाईट यायच्या. देहूला आई तिला तुकोबांच्या पायावर घालायला घेऊन गेली तेव्हा बस देहूरोडला थांबली, आणि नूरमोहम्मदच्या दुकानात तो उकिडवा बसलेला दिसला, सोल्युशनच्या डब्यात सबंध हात घातलेला. पांढरं कोपरापर्यंत चढलं होतं. तिनं खिडकीतून तोंड आत घेतलं.

साखरपुडा चैत्रात झाला, भोसरीला, त्याच गच्चीवर मांडव घालून. भैरू कायम झाला होता. कस्तुराचं कॉलेज सोडवलं होतं, परीक्षा राहिली. पाटाशेजारी तिच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला ठेवलेला होता. उतरेपर्यंत, असं सुमनताईंनी आधीच समजावून सांगितलं होतं, अपमान म्हणून नाही, घरात थोरलीची लेकरं आहेत म्हणून. यशोदाबाईंनीही मान डोलावली होती. मेणावरचं कुंकू उन्हात पुन्हा ओघळायला लागलं, आणि पाहुण्या बायका जिन्यावरून वर यायला लागल्या होत्या. सुमनताई लगबगीनं आल्या. त्यांनी कस्तुराचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं आणि कमरेचं नवंकोरं पाकीट काढलं. त्यातल्या टिकल्या रुपयाएवढ्या होत्या, लाल, मखमली. "कॅम्पातनं मुद्दाम मोठी आनलीया," त्या म्हणाल्या. "ती बारकी आता पुरायची न्हाई. आन ऐक, ही उतरायची न्हाई. निजताना न्हाई, आंघुळीला न्हाई. सुटली की लगीच दुसरी. चारचौघांत आमचं नाव जायला नको."

कस्तुराला काय बोलायचं ते माहीत होतं. वाक्य छोटं होतं. ते तिनं एकदा, याच बाईसमोर, स्वच्छ आवाजात म्हटलंही होतं. आता पुन्हा म्हटलं तर बाकीचं सगळं परत घ्यावं लागणार होतं, ते टेबल, ती प्रिन्सिपॉलांची खोली, भैरूची नोकरी, गोदाचे पडद्याखालचे पाय. जिन्यावर बांगड्या वाजल्या. सुमनताईंनी पदराचं टोक अंगठ्याला गुंडाळलं, आपलं बोट तिच्या कातडीला लागू नये म्हणून, आणि टिकली दाबून बसवली. मग कडा पुन्हा एकदा, गोल फिरवून दाबल्या.

"टोचत न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही," कस्तुरा म्हणाली.